पाव इंच सैल

दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, आणि ज्या घरात रोज डझनावारी माणसांची मापं घेतली जातात त्या घरात एका बोटाचं माप घ्यायला सगळं घराणं गोल करून बसलं.

बोट बेबीचं. बेबी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. ज्यांनी लाडाने हे नाव ठेवलं ते केव्हाच निघून गेले, आणि जाताना नाव परत न्यायचं विसरले. खाली दुकानात ती कात्री घेऊन कापड बेतायला उभी राहिली की तिचा थोरला भाऊसुद्धा घसा खाकरूनच जवळ जायचा, पण जिना चढून वर आली की पुन्हा बेबी. ह्याच बेबीने गेल्या महिन्यात, ताटातली नजर न उचलता, सांगून टाकलं होतं की समोरच्या घड्याळजीशी आपण लग्न करणार आहोत आणि नोंदणीची तारीखही घेतली आहे. मग जो तमाशा व्हायचा तो झाला. शेवटी सगळ्यांनी मोठ्या मनाने तिला परवानगी दिली, जी तिने मागितलीच नव्हती. तिने मागितली होती ती एकच गोष्ट: आईची अंगठी.

आणि आईची अंगठी वहिनीच्या बोटात होती.

"मी कुठे नाही म्हणते?" वहिनी म्हणाली. तिने हात पदराखाली घेतला होता. "अंगठी तिचीच. पण बसायला नको का? आईंचं बोट कसं भरलेलं होतं, आणि हिचं बघा. कात्री चालवताना गळून चिंध्यांत गेली म्हणजे? केरात जायची आईंची आठवण. त्यापेक्षा तिच्या मापाची नवी करू. मी स्वतः जाते सोनाराकडे."

"आहे तीच लहान करून आणू की," धाकटा भाऊ बाळू म्हणाला.

"अंगठीभर वेल कोरलीय ना रे. कापली की वेल तुटते, असं सोनार म्हणाला."

सोनार खरंच असं म्हणाला होता की सोनार असं म्हणाला असं फक्त वहिनी म्हणत होती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"आईंची अंगठी अठरा नंबरची," वहिनीने निकाल द्यावा तसं सांगितलं. "बेबीचं माप अठरा आलं तर ह्या क्षणी काढून देते. नाही आलं तर मग हट्ट नको. काय गं बेबी?"

"घ्या, काय माप घ्यायचंय ते घ्या," बेबी म्हणाली आणि हात पुढे केला. इतकी वर्षं ती लोकांना 'हात पुढे करा' म्हणत आली होती. स्वतःचा हात पुढे करायचा म्हणजे किती अवघडल्यासारखं होतं हे तिला आज कळत होतं.

थोरल्या भावाला, दादाला, दुकानात सगळे मास्तर म्हणत. घरात त्याला कुणी काही म्हणायच्या आत वहिनीच बोलून मोकळी व्हायची. आज सकाळी, तोंडाला दाढीचा फेस असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं अशी वेळ साधून, तिने त्याला बजावलं होतं. माप तुम्हीच घ्या. सगळ्यांसमोर घ्या. तिचं बोट म्हणजे काडी आहे, काडीला फक्त काडी म्हणा, बाकी काही करायला नको. दादाने फेसातून मान हलवली होती. खरं बोलून बायको खूश होईल असा योग संसारात कितीदा येतो? त्यामुळे तो आज चक्क उत्साहात होता. त्याने खालून खाकी कागद आणला, त्याची बारीक पट्टी कापली, कानामागे पेन्सील अडकवली आणि चष्मा पुसला.

सूचना वाचायचं काम धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे बाळूची बायको, घरातली एकटीच न शिवणारी. एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची तिची नोकरी. त्यामुळे घरात कुणाचा आवाज चढला की तिचा आवाज मधाळ व्हायचा, आणि समोरचा आणखी चिडायचा.

"घरच्या घरी अंगठीचं माप कसं घ्यावं," तिने फोनवरून वाचायला सुरुवात केली. "आधी बोट पाहावं. बोट गार नसावं. गार बोट आकसतं आणि माप कमी येतं."

"बेबी, पाणी घे गं," वहिनी लगेच उठली आणि फ्रीजमधली बाटली तिच्या मुठीत कोंबली. "किती घामाघूम झालीयेस! धरून ठेव अशीच, बरं वाटेल."

"बोट फार ऊनही नसावं. उन्हाने किंवा कामाने बोटं फुगतात."

"ताई, मुंग्या आल्यात का हाताला?" बाळूने बाटली काढून घेतली आणि बहिणीचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागला. बाळूला बहिणीचा असा पुळका एरवी येत नसे. पण ताई गेली की बेतायचं टेबल रिकामं होणार होतं, आणि पायजम्यांना नाडीची पट्टी घालण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या बाळूची त्या टेबलावर फार दिवस नजर होती. ताईचं लग्न व्हावं, थाटात व्हावं, आणि तिने वाटेल ते घेऊन जावं, कात्री सोडून, असं त्याचं उदार मत होतं.

"काडी पेटवायची असल्यासारखा काय चोळतोस?" वहिनी म्हणाली.

"रक्त खेळतं राहावं म्हणून, वहिनी."

"मग पायही चोळ. पायांतही रक्त असतं."

"आता सगळ्यांनी शांत राहिलात तर आपण पुढे जाऊ या," धाकटी मधाळ आवाजात म्हणाली. "पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळावी. जिथे टोक भेटेल तिथे खूण करावी. मग पट्टी सरळ करून फूटपट्टीवर ठेवावी."

दादाने पट्टी गुंडाळली. काम हातात आलं की तो निराळाच माणूस व्हायचा. बायको, बहीण, अंगठी, सगळं नाहीसं व्हायचं आणि उरायचं फक्त माप. त्याने टोकाला टोक लावलं, कानामागची पेन्सील काढली, खूण केली, पट्टी सोडवली आणि फूटपट्टीवर पसरली.

"अठ्ठावन्न मिलिमीटर," तो समाधानाने म्हणाला.

धाकटीने फोनवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. "अठ्ठावन्न म्हणजे... अठरा नंबर."

दादाचं समाधान चेहऱ्यावरच थिजलं. त्याने बायकोकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. कानाची पाळी तापायला लागली होती तेवढं पुरे होतं.

"पुन्हा घ्या," वहिनी म्हणाली.

त्याने पुन्हा घेतलं. अठ्ठावन्न.

"कागदाचं काही खरं नसतं. दोऱ्याने घ्या."

दोऱ्याने बाळूने घेतलं. दोरा आवळला, नखाने जागा धरली, फूटपट्टीला लावला. अठ्ठावन्न. वहिनी म्हणाली, ह्याचं काय, हा तिच्याच बाजूचा. मग बेबीने स्वतः, दोऱ्याचं एक टोक दातात धरून, दुसऱ्या हाताने माप घेतलं. अठ्ठावन्न.

"बघा वहिनी," बाळू म्हणाला, "तीन हात, चार मापं, एक आकडा."

"काहीतरी चुकतंय," वहिनी म्हणाली. "हे बोट अठराचं असूच शकत नाही. तुम्हाला धड बोटसुद्धा मोजता येईना?"

हे बोलायला नको होतं. दादाला तुम्ही भित्रा म्हणा, तो मान्य करील. बायकोच्या मुठीतला म्हणा, हसेल. पण माप चुकलं म्हणायचं नाही.

"माप चुकलं?" तो चष्मा काढून म्हणाला. "माझं? आयुष्य गेलं माझं टेप गळ्यात घालून. लग्नाचे सूट शिवलेत मी. एक शर्ट परत आला नाही दुकानात. अठरा आहे म्हणजे अठराच आहे. काढ ती अंगठी."

आणि त्या एका वाक्यात, आपण कुणाच्या बाजूने बसलो होतो हे साफ विसरून, तो पलीकडे गेला.

धाकटीने सगळं बघितलं होतं.

ती समोरच बसली होती आणि बघण्यावाचून तिला दुसरं काही काम नव्हतं. पट्टीचं टोक जिथे भेटलं तिथे दादांनी खूण केलीच नव्हती. पेन्सील टोकापाशी गेली, क्षणभर थबकली, आणि पाव इंच पुढे सरकून मग टेकली. बाळूच्या नखानेही तेच केलं. ताईंनीही तेच. तिघांपैकी एकाच्याही डोळ्यांत लबाडी नव्हती. उलट देवासमोर उभं राहावं इतके तिघे प्रामाणिक दिसत होते.

हा सासऱ्यांचा वारसा होता. अण्णांनी दुकान काढलं तेव्हाच कायदा करून ठेवला होता: गळा आणि मनगट पाव इंच सैल, छाती-कंबर त्याहून जास्त. "गिऱ्हाईक घरी जाऊन जेवतं, कापड जेवत नाही," असं ते म्हणत. मुलांना चालता यायच्या आधी हा पाव इंच शिकवला गेला. ह्या दुकानातले कपडे घालणारा माणूस लांबूनही ओळखू यायचा. तो वळला की त्याचा शर्ट जरा उशिरा वळायचा. पण घट्ट झाला म्हणून कुणी परत आलं नाही, ही गोष्ट खरी. आता दादांचा हात माप घेतो आणि पाव इंच वाढवतो, ह्यातलं दुसरं काम आपण करतो हे दादांना ठाऊकच उरलेलं नव्हतं. बोट काय, उद्या सुईचं माप घ्यायला सांगितलं तरी ही माणसं पाव इंच सैल धरतील.

आता बोलावं का? धाकटीने तोंड उघडलंही. मग तिला मागची खोली दिसली, ताईंची, खिडकीची. दिवसभर परक्या माणसांची ओरड कानात घेऊन घरी आल्यावर दार लावून गप्प बसता येईल अशी ह्या घरात तेवढीच एक जागा. ताई गेल्या की खोली रिकामी. अंगठीवरून भांडण पेटलं, ताई रुसल्या, तारीख पुढे गेली, तर? शिवाय लग्नाला इतकी वर्षं होऊन वहिनी अजून तिच्या हातचा चहा ओतून देऊन नवा करत होत्या, ही गोष्टही होतीच.

"माप दोनदा घ्यावं असं लिहिलंय," ती म्हणाली. "आपलं चारदा झालं. आता शंका नको."

बाळूने तिच्याकडे कौतुकाने बघितलं. आपली बायको आपल्या बाजूची आहे असं त्याला वाटलं. नवऱ्यांना असं अधूनमधून वाटतं.

शब्दाला जागायचं म्हणून वहिनीने हात पदराबाहेर काढला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की शब्दाला जागणं एवढं सोपं नाही. अंगठी हलेना. बोटाचं मांस दोन्ही बाजूंनी वर आलं होतं आणि अंगठी मधे रुतून बसली होती.

साबण झाला. तेल झालं. हात डोक्यावर धरून भिंतीला टेकून उभं राहणं झालं. बाळूने ओढून बघितलं तेव्हा वहिनी अशी किंचाळली की खालून जाणाऱ्या एकाने वर बघितलं.

"बोट तोडून न्या," वहिनी म्हणाली. "म्हणजे माप घ्यायलाच नको."

"वहिनी, शांत व्हा, आम्ही आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल..." धाकटी बोलून गेली आणि जीभ चावली.

मग दोऱ्याची युक्ती निघाली. फोनवर तीही होतीच. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून घालायचं, उरलेला दोरा बोटाच्या सांध्यावरून घट्ट गुंडाळत न्यायचा, म्हणजे मांस दबतं. आणि मग खालच्या टोकाने उलगडत आलं की अंगठी पुढे पुढे सरकते. बाळूने रीळ उचललं. वहिनीने हात मागे घेतला.

"तू नको. बेबी, तू कर. तुझा हात हलका आहे."

बेबी तिच्यासमोर खाली बसली आणि दोरा गुंडाळायला लागली. एकाला एक लागून, मधे फट न ठेवता. वहिनी तिच्या डोक्यातल्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. कधी एवढे झाले हे? दोघी एका घरात, एका वयाच्या, आणि तिने हिला कधी नीट बघितलंच नव्हतं. पण तिला स्वतःला तरी कुणी बघितलं होतं?

आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं वहिनीने केलं. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं, चादरी. बेबी खाली दुकानात असायची, कारण बेबीशिवाय दुकान चालत नव्हतं. आणि वहिनी वर असायची, कारण वर काय चालतं ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आई डोळे उघडायच्या, समोर वहिनीचा चेहरा दिसायचा, आणि त्या विचारायच्या, "बेबी कुठंय?" रोज. एक दिवस त्यांनी बोटातली अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली. "बेबीचं लग्न होईपर्यंत तू घाल," म्हणाल्या. बेबीच्या लग्नाचा विषय तेव्हा घरात कधीच मिटला होता. म्हणजे ही मला कायमची दिली, असा अर्थ वहिनीने काढला, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. आईंनाही तसंच म्हणायचं होतं. फक्त सुनेला काही देताना मुलीचं नाव घेतल्याशिवाय त्या माउलीला राहवलं नव्हतं. तेव्हा ती अंगठी वहिनीला सैल होती. आतून दोरा गुंडाळून ती घालायची. मग बोट भरत गेलं, दोरा सुटला, आणि अंगठी तिची झाली.

"दुखतंय?" बेबीने विचारलं.

"ओढ तू."

अंगठी सांध्यावर आली, अडली, वहिनीने डोळे मिटले, आणि ती निघाली. बोटावर तिच्या जागी एक खोल पांढरा पट्टा उरला.

दादाने सुस्कारा सोडला. "चला! घाल बेबी."

बेबीने अंगठी घातली. ती सरळ मुळापर्यंत गेली, कुठेही न अडता, आणि बेबीने हात खाली केल्याबरोबर निघून फरशीवर पडली आणि घरंगळत कपाटापाशी जाऊन थांबली.

दादाने फूटपट्टी उचलून तिच्याकडे निरखून बघितलं, जणू काही तिनेच दगा दिला होता.

"पण माप तर..."

"पाव इंच," धाकटीला आता हसू आवरेना. "तुम्ही तिघांनीही पाव इंच सैल धरलंत. बोटाला! ताईंचं बोट बारा नंबरचं आहे."

"तू बघितलंस? आणि बोलली नाहीस?" बाळू म्हणाला.

"तुम्ही सगळे तज्ज्ञ. मी कशाला मधे तोंड घालू?"

वहिनीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. तिने हात पुढे केला, तळवा वर. "झालं समाधान? मी काय सांगत होते? आण इकडे."

"खरंय," दादा घाईघाईने म्हणाला; पलीकडे गेला होता तितक्याच वेगाने तो परत आला. "बसत नाही म्हटल्यावर... बेबी, आता तूच बघ."

बेबी उठली, कपाटाखाली हात घालून अंगठी काढली, आणि मुठीत धरून परत आपल्या जागी येऊन बसली. मूठ मिटलेलीच.

"बेबी."

"नाही."

"तुला बसत नाही ती!"

"नाही बसत तर नाही बसत. घरात ठेवीन. बघत बसेन."

"तू कबूल केलं होतंस सगळ्यांसमोर!"

"मी म्हटलं, माप घ्या. घेतलंत." बेबी बोलतच राहिली. "मी अंगठी मागितली होती, वहिनी. बसेल का, गळेल का, हे तुम्ही काढलंत. माझ्या आईची आहे. मी एवढी वर्षं काही मागितलं नाही ह्या घरात. एका शर्टाचं कापड मागितलं नाही. ही मला पाहिजे."

"आणि मला काय?" वहिनी म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याची घराला सवय होती. ती हळू बोलली. "तुझी आई. असेल. पण तिचं हगणं-मुतणं कुणी काढलं? दोन वर्षं? मी तक्रार केली का? मरतानाही तुझंच नाव घेतलं तिने. ठीक आहे. मुलगी आहेस. पण मग मला काय? कुणीतरी एकाने सांगा मला."

दादा फूटपट्टीकडे बघत राहिला. बाळूने रिळाचा सुटलेला दोरा गुंडाळायला घेतला. धाकटीचं हसू केव्हाच थांबलं होतं. अशा तक्रारीवर काय बोलायचं हे तिला नोकरीत कुणी शिकवलेलं नव्हतं. बेबीने वहिनीच्या बोटाकडे बघितलं. पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडा लाल झाल्या होत्या. वर आई निजून असताना आपण खाली होतो, आणि खाली असणं आपल्याला सोपं वाटत होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने मूठ उघडली नाही. पण दुसऱ्या हाताने तिने वहिनीचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि ते बोट चोळायला लागली. वहिनीने हात सोडवून घेतला नाही.

असल्या वेळी घरातल्या कर्त्या पुरुषाने काहीतरी करावं लागतं, एवढं दादालाही समजत होतं. त्याने घसा खाकरला. "बरं, आता चहा कोण करतंय?"

आणि सवयीने सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं.

वहिनी बसून राहिली. धाकटी उठायला गेली, तर बेबीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि ती परत खाली बसली. बाळू रीळ गुंडाळतच होता. ते एव्हाना दोनदा गुंडाळून झालं असावं. शेवटी दादाच उठला, आत गेला, आणि स्वयंपाकघरातून एकामागून एक झाकणं उघडल्याचे आवाज येऊ लागले. मग एक डबा पडला.

"अगं, चहाची पूड कुठे असते?" त्याने आतून हाक मारली.

वहिनीने सांगायला तोंड उघडलं. बेबीने तिचा हात घट्ट धरला.

"शोधू दे," ती म्हणाली.